तीन गुणांचं मकाऊ

मंगळवार, १३ नोव्हेंबर २०१८

हाँगकाँगच्या विमानतळाला लागूनच मकाऊकडे जाणारा समुद्रपूल निघतो. तो सुरू होऊन तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. पूर्वी मकाऊला जायचं म्हणजे बोट. आम्ही मात्र पुलावरची सोनेरी बस धरली. तिकीट ६५ हाँगकाँग डॉलर. पूल, रस्ते आणि कृत्रिम बेटं मिळून हा सगळा पसारा ५५ किलोमीटरचा. मध्येच रस्ता समुद्राच्या पोटात शिरतो, ६.७ किलोमीटर बोगद्यातून जातो आणि पुन्हा पाण्यावर येतो. हाँगकाँगमध्ये वाहनं डावीकडून चालतात, मकाऊतही डावीकडून. पण पुलावर चीनच्या मुख्य भूमीचा नियम, म्हणून उजवीकडून. हे दादाच्या माझ्या आधी लक्षात आलं. गाडी चालवण्यात त्याचं आयुष्य गेलं आहे, दुसरा कुणी चालवत असला तरी त्याची नजर रस्त्यावरच असते.

शर्यतींचं वेड मात्र माझं. एप्रिलमध्ये माराकेशला वर्ल्ड टूरिंग कार कपचा, म्हणजे शोरूमच्या गाड्यांवरून बनवलेल्या गाड्यांच्या जागतिक शर्यतींचा, हंगाम सुरू झाला तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. हंगेरी, न्युर्बुर्गरिंग, झँडफोर्ट, पोर्तुगालमधलं व्हिला रेआल, स्लोव्हाकिया, निंगबो, वुहान, सुझुका आणि शेवटी मकाऊ. दहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी तीन शर्यती, म्हणजे तीस. वेळी-अवेळी उठून, कानाला हेडफोन लावून पाहिलेल्या सत्तावीस शर्यती त्या वहीत आहेत. ऑक्टोबरमध्ये दादा म्हणाला, "शेवटच्या तीन तरी डोळ्यांनी बघ. मी येतो सोबत."

संध्याकाळी सामान टाकून आम्ही 'बारा' नावाच्या भागात गेलो. आ-मा देवीच्या देवळातला उदबत्तीचा धूर रस्त्यापर्यंत येतो. तिथून चार पावलांवर पिवळ्या-पांढऱ्या कमानींची एक लांबलचक इमारत आहे, मूरिश बॅरॅक्स. पोलिसांच्या मदतीला गोव्याहून आणलेल्या हिंदी शिपायांसाठी ती १८७४ मध्ये बांधली. पोर्तुगीज राजवटीत मकाऊचा कारभार कित्येक वर्षं गोव्याच्या छत्राखाली होता. कमानींच्या सावलीत बसून आम्ही त्या शिपायांबद्दल बोलत राहिलो. आपल्याच किनाऱ्यावरची माणसं इतक्या लांब येऊन राहिली, आणि त्यांची आठवण म्हणून एवढी देखणी इमारत उरली आहे, हे मला माहीतच नव्हतं.

बुधवार, १४ नोव्हेंबर

आजचा दिवस मी ठरवूनच राखून ठेवला होता. ग्विया सर्किट हे स्टेडियम नाही, मकाऊचे रोजचे रस्ते आहेत. एक फेरी ६.१२ किलोमीटरची. शर्यतीच्या दिवसांत ते दिवसभर बंद आणि संध्याकाळी पुन्हा खुले. आज अजून खुले होते. म्हणजे चालत जायची संधी होती.

सुरुवात बंदराजवळच्या आवेनिदा दा आमिझादेवरून केली. डाव्या हाताला पाण्याचा मोठा तलाव, त्यावरूनच पहिल्या वळणाला 'रिझर्व्हॉयर' हे नाव. पुढे 'मँडरिन'. हॉटेलचं नाव केव्हाच बदललं, वळणाचं बदललं नाही. इथपर्यंत रस्ता रुंद आणि सपाट. बसथांबे, झेब्रा क्रॉसिंग, कचऱ्याचे डबे. फरक एवढाच, की फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये लोखंडी अडथळ्यांची सलग भिंत आणि तिच्यावर उंच जाळी. दादा जाळीला हात लावून म्हणाला, "म्हणजे चुकलं तर थेट यावर?" चुकलं तर थेट यावरच. बाकीच्या सर्किटांवर वळणाबाहेर खडी असते, गवत असतं, मोकळी जागा असते. तिथं चूक माफ होते. मकाऊत चुकीला जागाच ठेवलेली नाही.

मग आली लिस्बोआ. जुन्या लिस्बोआ हॉटेलाच्या कोपऱ्यावर काटकोनात उजवीकडे वळण. समोर कमळाच्या आकाराचा ग्रँड लिस्बोआचा सोनेरी मनोरा. सरळ पट्ट्यावर जमवलेला सगळा वेग इथे एका ब्रेकमध्ये टाकून द्यायचा. टूरिंग कारच्या शर्यतीत ओव्हरटेक करायची मोठी जागा हीच, आणि मोठे अपघातही इथेच. आम्ही गेलो तेव्हा कोपऱ्यावर सिग्नल लागला होता आणि दोन आज्या भाजीच्या पिशव्या घेऊन रस्ता ओलांडत होत्या.

लिस्बोआनंतर मकाऊचं रूपच पालटतं. रस्ता डोंगराकडे तोंड करतो, सॅन फ्रान्सिस्को टेकडीचा चढ लागतो, दोन्ही बाजूंना जुनी घरं आणि दगडी भिंती. मॅटर्निटी बेंड, मग सॉलिट्यूडची नागमोड, फारअवे, मूरिश हिल, डोना मारिया. नावं वाचताना समजतं, की ही वळणं आधी गावाची आहेत, मागाहून शर्यतीची झाली. मॅटर्निटीचं नाव शेजारच्या रुग्णालयामुळे पडलं. मेल्कोचं नाव मकाऊच्या वीज कंपनीवरून. सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या टोकांमध्ये सुमारे तीस मीटरांचा चढउतार आहे. नकाशावर तो कळत नाही, पायांना कळतो.

मेल्कोला आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. हे वळण म्हणजे घाटातलं केसाच्या पिनेसारखं वळण, शहराच्या मध्यावर. रस्ता इथे सात मीटर. दादाने पावलं मोजली, दहा भरली. टूरिंग कारची रुंदी दोन मीटरच्या आसपास, म्हणजे दोन गाड्या शेजारी उभ्या राहतील. पण वळताना गाडीला आपल्या रुंदीपेक्षा पुष्कळ जास्त जागा लागते. म्हणून इथे शर्यतभर पिवळे झेंडे हलत असतात, ओव्हरटेक करायला मनाई. जगातल्या वेगवान गाड्या या कोपऱ्यावर मुंग्यांसारख्या एकामागोमाग रांगेने वळतात. इथे एखादी आडवी झाली, की मागच्या सगळ्यांची वाट बंद.

मेल्कोनंतर उतार, फिशरमन्स बेंड, समुद्राची बाजू आणि शेवटचं 'आर' वळण. पुन्हा तलावापाशी आलो तेव्हा अडीच तास झाले होते. गाड्यांना या फेरीला अडीच मिनिटं लागतात.

तलावाकाठी बसून दादाला गाड्यांबद्दल सांगितलं. या शर्यतीतल्या गाड्या टीसीआर नियमांच्या. हे नियम मार्चेल्लो लोत्ती यांनी आखले, २०१५ पासून त्या नियमांवर शर्यती सुरू झाल्या. शोरूममध्ये मिळते तीच चार किंवा पाच दारांची गाडी घ्यायची. दोन लिटरपर्यंतचं टर्बो इंजिन, साधारण ३५० अश्वशक्ती, ताकद फक्त पुढच्या चाकांना. ह्युंदाई आय-३० एन, होंडा सिव्हिक, ऑडी आरएस ३, फोक्सवॅगन गोल्फ, कूप्रा, प्यूजो, आल्फा रोमिओ. पुढचे दोन टायर गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा बहुतेक भारही तेच घेतात. त्यामुळे शर्यतीच्या शेवटी चालकाचं सगळं लक्ष त्या दोन टायरांत उरलेल्या पकडीवर. शिवाय जी गाडी जास्त वेगवान ठरते तिच्यावर पुढच्या वेळी जादा वजन लादतात. एकाच कंपनीने वर्षभर सगळ्यांना मागे टाकत जावं, हे इथे जवळजवळ अशक्य. हंगाम जिंकायचा तर वजन लादलेलं असतानाही, वाईट दिवशीही, चार-दोन गुण गोळा करत राहावं लागतं.

मला ही शर्यत आवडण्याचं कारण तेच आहे. फॉर्म्युला वनची गाडी मी रस्त्यावर कधी पाहणार नाही. टूरिंग कार मात्र पार्किंगमध्ये शेजारी उभी असते.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

पहाटेच जाग आली ती आवाजाने. कालपर्यंत जिथे बस थांबत होती तिथून इंजिनं जाताहेत, हे कळायला क्षणभर लागला.

आमची जागा रिझर्व्हॉयर स्टँडमध्ये. शेजारी एक मकाऊचेच आजोबा बसले होते, डोक्याला ऊन लागू नये म्हणून घडी केलेलं वर्तमानपत्र. थोडं इंग्रजी, थोडे हातवारे. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी इथली शर्यत पाहिली होती. मकाऊ ग्राँ प्री सुरू झाली १९५४ मध्ये. चार हौशी मंडळींनी गावात खजिन्याच्या शोधासारखा गाड्यांचा खेळ ठरवला होता, त्याची शर्यत झाली. पहिल्या वर्षी एदुआर्दो द कार्व्हाल्यू ट्रायम्फ टीआर २ घेऊन जिंकले. टूरिंग गाड्यांची ग्विया शर्यत १९७२ पासूनची. यंदाची ग्राँ प्री पासष्टावी. दादाने त्यांना विचारलं, "इतकी वर्षं तेच तेच रस्ते, कंटाळा नाही येत?" ते म्हणाले, रस्ता तोच असतो, पण दरवर्षी कुणीतरी तो पहिल्यांदाच बघत असतो.

सरावाच्या वेळी मी घड्याळाकडे पाहिलंच नाही, गाड्यांच्या रेषा पाहिल्या. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत चालक भिंतीपासून हातभर लांब. मग टीचभर. शेवटी शेवटी आरसा भिंतीला लागतो की काय असं वाटावं इतक्या जवळून. रॉब हफ फोक्सवॅगन गोल्फमध्ये होता, आणि तो या गावचाच असल्यासारखा चालवतो. २०१२ चं विश्वविजेतेपद त्याला इथेच मिळालं. त्याची गाडी रिझर्व्हॉयरच्या वळणात डगमगत नाही, एक धागा सरळ ओढावा तशी जाते. दादा पहिल्या तासाला गप्प होता. मग म्हणाला, "आवाजावरून कळतं गं. जो भितो तो आधी पाय उचलतो." त्यानंतर तो डोळे मिटून ऐकत होता.

संध्याकाळी अडथळ्यांमधली दारं उघडली आणि वाहतूक सुरू झाली. सहा पटाका देऊन आम्ही बसमध्ये चढलो आणि त्याच सरळ पट्ट्यावरून लिस्बोआकडे निघालो. रस्त्यावर रबराचे काळे पट्टे उमटले होते. बसचालक रोजच्यासारखा निघाला होता, मी मात्र खिडकीला नाक लावून ब्रेकच्या खुणा मोजत होते.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

आज स्टँडला जाण्याऐवजी ग्वियाच्या टेकडीवर गेलो. फ्लोरा बागेतून केबल कार आहे, दोन पटाका. इतका छोटा प्रवास आहे की बसेपर्यंत उतरायची वेळ येते. वर किल्ला, छोटं पांढरं चॅपेल आणि १८६५ चं दीपगृह. चीनच्या किनाऱ्यावरचं पाश्चात्त्य धर्तीचं हे पहिलं दीपगृह. चॅपेलच्या भिंतींवरची चित्रं चुन्याखाली झाकली गेली होती, १९९६ मध्ये ती सापडली. देवदूत पोर्तुगीज, हाताळणी चिनी.

सर्किट या टेकडीला वळसा घालून जातं, त्यामुळे वर बसलं की आवाज कानांभोवती फिरतो. आधी बंदराकडून, मग पश्चिमेकडून चढत, मग जवळजवळ पायांखालून. एका बाकावर बसून मी दादाला क्वालिफाइंग, म्हणजे सुरुवातीची रांग ठरवणारी पात्रता फेरी, समजावून सांगितलं. पहिल्या शर्यतीची रांग एका क्वालिफाइंगवरून लागते. दुसऱ्या क्वालिफाइंगवरून तिसऱ्या शर्यतीची, आणि तीच रांग, तिचे पहिले दहा उलटे करून, दुसऱ्या शर्यतीला वापरतात. म्हणजे दहावा आलेला पुढे उभा राहतो. पहिल्या क्रमांकाला पहिल्या शर्यतीत २७ गुण, दुसरीत २५, तिसरीत ३०. दादाला उलटी रांग पटली नाही. "ज्याने कष्ट केले त्याला मागे ढकलायचं?" मलाही पूर्वी ती पटत नसे. पण दहाव्या क्रमांकाचा माणूसही मेहनतच करत असतो, आणि त्याला पुढचा मोकळा रस्ता वर्षातून एकदा तरी दिसावा असं आता वाटतं.

शनिवार, १७ नोव्हेंबर

पहिली शर्यत. मकाऊत येताना हंगामाच्या गुणांत गॅब्रिएले तार्क्विनी पहिला होता, इव्हान म्युलर ३९ गुणांनी मागे. दोघांकडेही ह्युंदाई आय-३०, फक्त संघ वेगळे. म्युलर तर स्वतःच्याच नावाच्या संघाकडून धावत होता.

या दोघांबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तार्क्विनी ५६ वर्षांचा. तरुणपणी तो फॉर्म्युला वनमध्ये होता, दुबळ्या गाड्यांत. त्या काळी लहान संघांना शुक्रवारी सकाळी लवकर प्राथमिक पात्रता द्यावी लागे. त्यात बाद झालं की सामान बांधायचं, बाकीचा शनिवार-रविवार नाही. प्राथमिक पात्रतेत सर्वांत जास्त वेळा अडकण्याचा विक्रम याच माणसाच्या नावावर आहे. मग तो टूरिंग गाड्यांकडे वळला: १९९४ मध्ये आल्फा रोमिओ १५५ घेऊन ब्रिटिश विजेता, २००३ मध्ये युरोपियन विजेता. म्युलर ४९ वर्षांचा, चार वेळा विश्वविजेता: २००८, २०१०, २०११, २०१३. तो २०१६ च्या अखेरीस निवृत्त झाला होता, या हंगामासाठी परत आला.

आणि मकाऊ. २००८ आणि २००९ मध्ये हे दोघे 'सीट' या मोटार कंपनीच्या संघात सहकारी होते, डिझेल इंजिनच्या लेऑन गाड्यांमध्ये. २००८ मध्ये म्युलर पहिला, तार्क्विनी दुसरा. २००९ मध्ये तार्क्विनी पहिला, म्युलर दुसरा, १२७ विरुद्ध १२३, आणि तो निकाल लागला याच रस्त्यांवर. चार गुण. नऊ वर्षांनी तेच दोघे, तेच गाव, तोच हंगामाचा शेवट. एप्रिलमध्ये माराकेशला तार्क्विनीने तीनपैकी दोन शर्यती जिंकल्या तेव्हा मी वहीत लिहिलं होतं, 'म्हातारा अजून भुकेला आहे.' आज ते वाक्य वाचून शब्द बदलावासा वाटला. म्हातारा नाही.

शर्यत झाँ-कार्ल व्हेर्नेने जिंकली, ऑडीमध्ये. स्टँडमधून खरं तर फार थोडं दिसतं. लाल दिवे विझले, मग पंचवीसेक गाड्यांचा लोंढा एका दमात समोरून गेला, जमीन हादरली, आणि पुढची अडीच मिनिटं समोर फक्त रिकामा रस्ता. इतक्या गर्दीत इतकी शांतता मी कुठेच अनुभवली नव्हती. सगळे मोठ्या पडद्याकडे बघत होते. आजोबा मात्र रस्त्याकडेच. मग लांबून आवाज आला, आणि ते गाड्या मोजू लागले. किती गेल्या होत्या, किती परत आल्या. ते दरवर्षी तसंच मोजत असावेत.

रात्री जुन्या भागात मिंची खाल्ली: खिमा, बटाट्याचे बारीक तुकडे, भात आणि वर अंडं. दादाला इतकी आवडली की दुसरी ताटली मागवली. मी वही उघडून गुण मांडत होते. "बंद कर ती," तो म्हणाला. "उद्या दोन शर्यती आहेत. आज बेरीज करून काय होणार?" पण मी मांडलेच.

रविवार, १८ नोव्हेंबर

दुसरी शर्यत फ्रेडरिक व्हेर्विशने जिंकली, पुन्हा ऑडी. दोन शर्यती झाल्या तरी विजेतेपद ठरलं नव्हतं. स्टँडमध्ये पाणी प्यायला उठलेली माणसं तिसरीच्या आधी झपझप परत आली.

तिसरी शर्यत, हंगामातली तिसावी. अर्जेंटिनाचा एस्तेबान गेरिएरी होंडा सिव्हिकमध्ये. तो सुटला तो सुटलाच, आणि जिंकला. पण माझं लक्ष पुढे नव्हतंच. मी गाड्यांच्या त्या लांबलचक माळेत एकच आय-३० शोधत होते. तार्क्विनीला जिंकायचं नव्हतं, त्याला नीट घरी पोचायचं होतं. आणि मकाऊत हेच अवघड. जिंकायचं असतं तेव्हा माणूस भिंतीला विसरतो. सांभाळून जायचं असतं तेव्हा प्रत्येक भिंत दिसते: मॅटर्निटीची, सॉलिट्यूडची, मेल्कोच्या सात मीटरांची. दर अडीच मिनिटांनी ती गाडी समोरून जायची आणि माझा श्वास मोकळा व्हायचा. दादाने एव्हाना माझा हात धरला होता. कोण कुठल्या क्रमांकावर आहे हे तो आता मला विचारत नव्हता, मलाच सांगत होता.

चेकर्ड झेंडा पडला. पडद्यावर आकडे आले: तार्क्विनी ३०६, म्युलर ३०३.

मकाऊत येताना ३९ चं अंतर होतं, जाताना ३ चं. म्युलरने तीन शर्यतींत छत्तीस गुण भरून काढले आणि तरी तीन कमी पडले. तार्क्विनी मकाऊत एकही शर्यत जिंकला नाही आणि विजेता झाला. मला त्याचा आनंद झाला, खूप झाला. पण म्युलरचं नाव पडद्यावर खाली राहिलेलं बघवत नव्हतं. २००९ मध्ये चार, आता तीन, त्याच गावात, त्याच माणसाकडून. वर्षाचा सांघिक चषक त्याच्या संघाला मिळाला, हे नंतर वाचून बरं वाटलं.

"तीन गुण म्हणजे किती?" दादाने विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्या शर्यतीत आठव्याला चार गुण मिळतात, दहाव्याला एक. वर्षभरातल्या तीस शर्यतींपैकी एखाद्या ठिकाणच्या दुसऱ्या शर्यतीत तार्क्विनी आठव्याऐवजी दहावा आला असता, तर दोघांची बरोबरी. दादाने वही मागून घेतली आणि एप्रिलपासून पानं उलटू लागला, ते तीन गुण शोधत. झँडफोर्ट, व्हिला रेआल, स्लोव्हाकिया. सातव्या, आठव्या, नवव्या जागा. जिंकलेल्या शर्यती मी ठळक अक्षरांत लिहिल्या होत्या, बाकीच्या बारीक. तो म्हणाला, "बारीक अक्षरातलं कुणी वाचत नाही, आणि सगळं तिथेच आहे."

मध्ये जीटी, म्हणजे स्पोर्ट्स कारच्या धर्तीच्या, गाड्यांची शर्यत झाली. ती ऑगुस्तो फार्फुसने जिंकली, बीएमडब्ल्यूमध्ये. २००९ च्या त्या हंगामात तार्क्विनी आणि म्युलर यांच्या मागे तिसरा आलेला तोच हा. त्याचा संघ श्निट्झर. संघाचे प्रमुख चार्ली लाम यांचा हा शेवटचा मुक्काम होता, ते निवृत्त होत होते. टूरिंग गाड्यांचं पहिलं जागतिक अजिंक्यपद, १९८७ मधलं, रोबेर्तो राव्हालियाने याच संघाच्या बीएमडब्ल्यू एम ३ मध्ये जिंकलं होतं. पिटमध्ये लाम यांच्याभोवती सगळे जमलेले पडद्यावर दिसले. पुढे जानेवारीत ते वारल्याची बातमी वाचली, तेव्हा मला तोच क्षण आठवला.

दुपारी फॉर्म्युला थ्रीची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या लहान भावंडांची, मुख्य शर्यत. आमच्या जागेवरून लिस्बोआ दिसत नाही. शर्यतीला थोडाच वेळ झाला होता, आणि एकदम लाल झेंडे. आधी आवाज थांबला, मग माणसं. सोफिया फ्लर्श या सतरा वर्षांच्या जर्मन चालकाची गाडी सरळ पट्ट्यावर ताबा सुटून लिस्बोआत उडाली, अडथळ्यांवरून छायाचित्रकारांच्या मचाणावर आदळली. त्याआधी तिचा वेग ताशी २७६ किलोमीटर नोंदला गेला होता. बातम्या तुकड्या-तुकड्यांनी येत होत्या: ती शुद्धीवर आहे, एक जपानी चालक, दोन छायाचित्रकार आणि रस्त्याकडेला उभा असलेला शर्यतीचा एक कर्मचारीही जखमी. आजोबांनी डोक्यावरचं वर्तमानपत्र काढून मांडीवर ठेवलं. कुणी बोलत नव्हतं. बऱ्याच वेळाने शर्यत पुन्हा सुरू झाली, डॅन टिकटमने जिंकली. आम्ही शेवटपर्यंत बसलो खरे, पण माझ्या वहीत त्या शर्यतीची एकही ओळ नाही.

सोमवार, १९ नोव्हेंबर

परतीची बस दुपारची. सकाळी बाहेर पडलो तर कामगार जाळ्या उतरवत होते. ट्रकवर लोखंडी पट्ट्यांच्या चळती. एका जागी अडथळा काढला होता आणि त्याच्यामागे फुटपाथवरचं फुलझाडांचं कुंड जसंच्या तसं होतं.

लिस्बोआच्या कोपऱ्यावर थांबलो. काळे पट्टे वळणाच्या आत शिरून पलीकडे पुसट होत गेले होते. त्यांच्यावरून स्कूटर जात होत्या, बस जात होत्या. दादा म्हणाला, "चढावर जाऊन येऊ?" मी विचारलं नाही कशाला. सॅन फ्रान्सिस्कोची टेकडी चढून आम्ही मॅटर्निटीपाशी गेलो. जखमींना आणलं ते रुग्णालय याच चढावर आहे. बाहेर कॅमेरे घेऊन काही पत्रकार उभे होते, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. ज्या वळणावर शनिवारी पंचवीस गाड्या किंचाळत गेल्या होत्या तिथे एक परिचारिका रिकामी व्हीलचेअर ढकलत रस्ता ओलांडत होती, आणि एक बस तिच्यासाठी थांबली होती.

सोफियाच्या मणक्यावरची शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याची बातमी आम्हाला हाँगकाँगच्या विमानतळावर मिळाली. अकरा तास चालली होती. मी वही उघडून रविवारच्या पानावर, ३०६ आणि ३०३ च्या खाली, ते एवढंच लिहिलं. दादाने वाचलं, आणि पेन मागून घेऊन त्याखाली तारीख घातली.